खिशातली धोकटी



आज मी एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे. ही पाहा. बोटाएवढी आहे. हिला पेनड्राइव्ह म्हणतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ही पाहिली असेल. कुणी हिच्यात भजनं भरून आणतं आणि ट्रॅक्टरवर लावतं. कुणी हिच्यात लग्नाचे फोटो ठेवतं. काम झालं की ही कुठल्यातरी खुंटीला किंवा किल्ल्यांच्या जुडग्यात लटकत राहते.

पण हिच्यात नुसती गाणी आणि फोटोच मावतात असं नाही. हिच्यात कामाची हत्यारंही मावतात. ती कशी, हेच मला आज सांगायचं आहे.

पूर्वी गावात न्हावीदादा धोकटी घेऊन येत. जुन्या माणसांना आठवत असेल. धोकटीत कात्री, वस्तरा, कंगवा, आरसा, वाटी. कुणाच्याही ओट्यावर बसायचं आणि काम सुरू करायचं. ओटा दुसऱ्याचा, पाणी दुसऱ्याचं, पण हत्यार आपलं. काम झालं की ओटा झाडायचा, धोकटी गुंडाळायची आणि पुढच्या घरी जायचं. मागं काही ठेवायचं नाही.

संगणकाचंही असंच करता येतं. संगणक दुसऱ्याचा, पण हत्यार आपलं. ज्याला स्वतःचा संगणक घेणं परवडत नाही, त्यालाही हे जमतं. म्हणून हा विषय आपल्या कामाचा आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. हिच्या पोटात अगदी बारीक कप्पे असतात. थोडेथोडके नव्हेत, अब्जावधी. काही कप्प्यांत विजेचे कण कोंडलेले असतात. काही कप्पे रिकामे असतात. भरलेला कप्पा आणि रिकामा कप्पा, ह्या दोनच खुणा. ह्या दोन खुणांनी गाणं, फोटो, हिशेब सगळं लिहिलेलं असतं. संगणकातून ही काढली तरी कोंडलेले कण आतच राहतात. रांजणाचं तोंड लाखेनं बंद करावं तसं. म्हणून वीज नसतानाही हिच्यातलं लिखाण पुसत नाही. अशी स्मृती जपानमधल्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका नावाच्या शास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दहा वर्षांत शोधून काढली.

ही जिथं खुपसतात त्या खाचेला यूएसबी म्हणतात. पूर्वी संगणकाच्या प्रत्येक वस्तूची खाच वेगळी असे. छापायच्या यंत्राची एक, टंकफळीची दुसरी. मग सर्वांना एकच खाच असावी असं ठरलं. ते काम इंटेल कंपनीत ज्यांनी पुढाकार घेऊन केलं, त्यांत अजय भट्ट हे एक प्रमुख. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती आली. पुढं २००० साली पेनड्राइव्ह बाजारात आले. त्या वर्षी आयबीएम कंपनीने विकलेल्या पेनड्राइव्हमध्ये ८ एमबी एवढीच जागा होती. आजच्या मोबाईलचे दोन-तीन फोटो त्यात कसेबसे मावले असते. आज ३२ जीबीचा पेनड्राइव्ह काही शे रुपयांत मिळतो. त्यात त्याच्या सुमारे ४,००० पट जागा असते.

आता मुद्द्याकडे येऊ. संगणकात दोन तऱ्हेच्या गोष्टी असतात. एक वही, आणि दुसरा ती वही वाचणारा-लिहिणारा कारकून. वहीला फाइल म्हणतात. कारकुनाला प्रोग्राम म्हणतात. आपण बहुधा पेनड्राइव्हमध्ये नुसती वही घालून नेतो. दुसऱ्याच्या संगणकावर ती वाचणारा कारकून नसला, तर वही उघडत नाही. गड्याला निरोप माहीत आहे, पण ज्याला सांगायचा त्याला ती भाषाच येत नाही, असं होतं.

मग तुम्ही म्हणाल, तो प्रोग्राम त्या संगणकात टाकून घ्यावा. पण ते सोपं नाही. प्रोग्राम टाकणं म्हणजे घरात उखळ पुरण्यासारखं आहे. उखळ पुरायचं तर जमीन खणावी लागते. त्याला घरधन्याची परवानगी लागते. उखळ एकदा पुरलं की ते उचलून दुसऱ्या घरी नेता येत नाही. काढलंच तर खड्डा राहतो. नेहमीचा प्रोग्राम असाच असतो. तो संगणकात ठिकठिकाणी आपलं सामान पसरतो. विंडोजची एक मोठी नोंदवही असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. तिच्यात तो आपल्या नोंदी करतो. म्हणून शाळेच्या किंवा कचेरीच्या संगणकात प्रोग्राम टाकायला धन्याचा परवलीचा शब्द मागतात. तो आपल्याजवळ नसतो.

उखळ पुरावं लागतं, पण खलबत्ता? खलबत्ता कुठंही ठेवा. चुलीपाशी ठेवा, अंगणात ठेवा, लेकीच्या घरी न्या. कुटायचं काम तोही करतो. काम झालं की उचलायचा. जमिनीला खड्डा नाही.

संगणकातही असे खलबत्ते आहेत. त्यांना पोर्टेबल प्रोग्राम म्हणतात. पोर्टेबल म्हणजे उचलून नेता येणारा. तो आपलं सगळं सामान पेनड्राइव्हमधल्या एकाच कप्प्यात ठेवतो. आपण केलेल्या आवडीनिवडी, आपण ठेवलेल्या खुणा, सगळं त्याच कप्प्यात. विंडोजच्या नोंदवहीला तो शक्यतो हात लावत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी धन्याचा परवलीचा शब्द लागत नाही. पेनड्राइव्ह लावला, चित्रावर दोनदा टिचकी मारली की प्रोग्राम चालू. काम झालं की बंद करायचा, पेनड्राइव्ह काढायचा आणि घरी यायचं.

ह्या गोष्टीला फार वर्षं झालेली नाहीत. २००४ साली जॉन हॅलर ह्या अमेरिकन गृहस्थांनी फायरफॉक्स ह्या प्रोग्रामची अशी उचलून नेता येणारी आवृत्ती तयार केली. फायरफॉक्सने इंटरनेटवरची पानं पाहता येतात. पुढं त्यांनीच पोर्टेबलॲप्स नावाचा संच उभा केला. आज त्यात शेकडो प्रोग्राम आहेत, आणि त्याला पैसे पडत नाहीत. लिब्रेऑफिस आहे, त्याने मराठीत पत्र लिहिता येतं आणि हिशेब मांडता येतो. व्हीएलसी आहे, त्याने गाणी आणि चित्रपट चालतात. सुमात्रा पीडीएफ आहे. त्याने सरकारी अर्ज आणि पुस्तकं उघडतात. हे सगळे मिळून एका पेनड्राइव्हमध्ये मावतात आणि वर पुष्कळ जागा उरते.

आता ह्याचा आपल्याला उपयोग काय? एक उदाहरण घेऊ.

समजा, आपल्या गावात बारा बायांचा बचत गट आहे. प्रत्येकीचे महिन्याला २०० रुपये. म्हणजे गटाचे महिन्याला २,४०० आणि वर्षाला २८,८०० रुपये झाले. त्यातून एकीने शेळी घ्यायला ५,००० रुपये उचलले. दुसरीने लेकीच्या फीसाठी १०,००० उचलले. व्याज दरमहा शेकडा २. दहा हजारांवर पहिल्या महिन्याचं व्याज २०० रुपये. मग तिने १,००० मुद्दल फेडलं. पुढच्या महिन्यात व्याज ९,००० वर, म्हणजे १८० रुपये. अशी बारा जणींची बारा खाती. एका जागी बेरीज चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात. मग कुजबुज सुरू होते. एक म्हणते, माझे दोन हप्ते लिहिलेच नाहीत. दुसरी म्हणते, व्याज जास्त लावलं. पुष्कळ गट चोरीने मोडत नाहीत, संशयाने मोडतात.

मग गट काय करतो? तालुक्याच्या दुकानात जातो. तिथला मुलगा त्याच्या संगणकात हिशेब मांडून देतो. हिशेब सुबक होतो, पण तो राहतो त्याच्या संगणकात. दर वेळी जायचं, रांगेत उभं राहायचं, पैसे द्यायचे. मुलगा गावाला गेला की हिशेब अडला. त्याचा संगणक बिघडला की हिशेब बुडाला. घामाचा पैसा आपला, आणि वही परक्याच्या घरी. हे बरं नाही.

आता हेच दुसऱ्या तऱ्हेने करू. गटाने एक पेनड्राइव्ह घेतला. त्यात पोर्टेबल लिब्रेऑफिस ठेवलं आणि त्याच्या शेजारी गटाच्या हिशेबाची फाइल ठेवली. महिन्याच्या बैठकीनंतर सचिवताई शाळेत गेल्या.

गुरुजी म्हणाले, “ताई, ह्या संगणकात हिशेबाचा प्रोग्राम नाही. आणि नवा टाकायची मला मुभा नाही.”

ताई म्हणाल्या, “गुरुजी, टाकायचा नाहीच. आम्ही आमचा घेऊन आलोय. तुम्ही फक्त बसू द्या.”

ताईंनी बारा जणींच्या रकमा भरल्या. बेरीज आणि व्याज प्रोग्रामने केलं. पेनड्राइव्ह काढला आणि घरी आणला. पुढच्या महिन्यात शाळेला सुट्टी असेल. तर ग्रंथालयात जावं, नाहीतर कुणाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाकडे जावं. ओटा बदलला तरी धोकटी तीच. आणि ताईंना काही अडचण आली, तर दुसरी बाई तीच फाइल उघडून पुढं लिहू शकते. हिशेब एका माणसाच्या मुठीत राहत नाही. गटाचा हिशेब गटाकडे राहतो.

कुणी विचारेल, “अहो, आता सगळं मोबाईलवर होतं. हे कशाला?” खरं आहे. पुष्कळ कामं मोबाईलवर होतात, ती तिथंच करावीत. पण बारा खात्यांचा तक्ता एवढ्याशा काचेवर नीट दिसत नाही. मोबाईल एकीचा असतो, गटाचा नसतो. आणि रेंज गेली की पुष्कळ कामं अडतात. पेनड्राइव्हमधल्या हिशेबाला रेंज लागत नाही. इंटरनेट लागतं ते एकदाच, प्रोग्राम उतरवून घ्यायला.

आता हे करायचं कसं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं, नवा पेनड्राइव्ह घ्या, चांगल्या दुकानातून. फार स्वस्त मिळाला तर सावध राहा. वर ६४ लिहिलेलं आणि आत ८ सुद्धा नाही, असे खोटे तुकडे बाजारात असतात.

दुसरं, प्रोग्राम मूळ जागेवरूनच उतरवा. पोर्टेबलॲप्सच्या स्वतःच्या जागेवरून, नाहीतर ज्यांनी प्रोग्राम केला त्यांच्या जागेवरून. फुकट म्हणून कुणाच्याही पेनड्राइव्हमधून उचलू नका. विहिरीचं पाणी भरायचं सोडून डबक्याचं कोण भरतं?

तिसरं, फाइलींसाठी वेगळा कप्पा करा. त्या कप्प्याला गटाचं नाव द्या.

चौथं, फाइलीला कुलूप घाला. लिब्रेऑफिसमध्ये फाइल साठवताना परवलीचा शब्द देता येतो. तो शब्द दोघीतिघींना माहीत असावा. विसरलात तर फाइल उघडत नाही. आणि तो शब्द पेनड्राइव्हवर चिठ्ठी लावून लिहू नका. कुलपालाच किल्ली बांधल्यासारखं होईल.

पाचवं, पेनड्राइव्ह एकदम उपटू नका. संगणक कधीकधी लिखाण हातात धरून ठेवतो आणि मग सवडीने उतरवतो. मध्येच उपटलं तर अर्धी वही कोरी राहते. आधी प्रोग्राम बंद करा. मग खालच्या कोपऱ्यातल्या पेनड्राइव्हच्या खुणेवर टिचकी मारून तो सोडायला सांगा. संगणक हो म्हणाला की काढा.

इथवर चांगली बाजू सांगितली. आता दुसरी बाजूही ऐका. औषध देताना पथ्य सांगितलं नाही, तर वैद्याचा काय उपयोग?

एकच वस्तरा न धुता दहा जणांना लावला, तर एकाचा रोग दहा जणांना होऊ शकतो. पेनड्राइव्हचंही तसंच आहे. एका आजारी संगणकाचा रोग तो दुसऱ्या संगणकात नेतो. ह्या रोगाला व्हायरस म्हणतात. तोही एक प्रोग्रामच असतो, पण वाईट कामाचा. २००८ साली कॉन्फिकर नावाचा असा रोग आला. त्याने जगभरचे लाखो संगणक बिघडवले. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी पेनड्राइव्ह ही एक वाट होती. त्या काळी पेनड्राइव्ह लावला की आतला प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची सोय विंडोजमध्ये होती. चोराला तेवढंच पाहिजे होतं. पुढं २०११ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने जुन्या विंडोजमध्येही ही सोय बंद करणारी दुरुस्ती दिली. त्यामुळे एक वाट बुजली, पण सगळ्या बुजल्या नाहीत.

म्हणून चार गोष्टी पाळा. रस्त्यात किंवा एसटीत सापडलेला पेनड्राइव्ह कधीही लावून पाहू नका. आपला पेनड्राइव्ह परक्या संगणकाला लावून आणलात, तर नंतर तो व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामकडून तपासून घ्या. विंडोज १० आणि ११ मध्ये असा प्रोग्राम आधीच असतो. पेनड्राइव्हमधले तुमचे कप्पे अचानक दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागी बाणाची खूण असलेली चित्रं आली, तर त्यांवर टिचकी मारू नका. तो रोग असण्याचा संभव फार. जाणत्याला दाखवा. आणि जिथं धनी नको म्हणेल, तिथं पेनड्राइव्ह लावू नका. बँकेत आणि कित्येक कचेऱ्यांत ही खाच मुद्दाम बंद ठेवतात. परवलीचा शब्द लागत नाही म्हणून परवानगीही लागत नाही, असं समजू नका. ओट्यावर बसण्याआधी घरधन्याला विचारायचंच असतं.

आणखी एक गैरसमज काढून टाकतो. पोर्टेबल प्रोग्राम वापरला म्हणजे मागं काहीच उरत नाही, असं काही जण सांगतात. तसं नाही. न्हावीदादांनी ओटा कितीही झाडला, तरी एखादा केस राहतोच. कोणता पेनड्राइव्ह लावला होता, कोणती फाइल उघडली होती, ह्याच्या काही नोंदी विंडोज स्वतःच ठेवतं. शिवाय तो संगणकच बिघडवलेला असेल, तर तुम्ही दाबलेली अक्षरं तो चोरून टिपून ठेवू शकतो. म्हणून परक्या संगणकावर बँकेचं काम करू नका. बँकेचा परवलीचा शब्द तिथं लिहू नका. मग हत्यार तुमचं असो की त्याचं. पत्र लिहा, हिशेब मांडा, अर्ज भरा. तिजोरी मात्र परक्याच्या ओट्यावर उघडू नका.

तसंच, हे खलबत्ते सगळीकडे चालत नाहीत. विंडोजसाठी केलेला प्रोग्राम विंडोजवरच चालतो. मोबाईलला पेनड्राइव्ह जोडता आला, तरी त्यावर हा प्रोग्राम सुरू होणार नाही. पेनड्राइव्ह जुना असला तर प्रोग्राम उघडायला वेळ लागतो. थोडा धीर धरावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पेनड्राइव्ह हरवतो. खिशातून पडतो, लुगड्याबरोबर धुण्यात जातो, लहान मूल घेऊन खेळतं. आणि तो झिजतोही. त्याच्या कप्प्यांत ठराविक वेळाच लिहिता-पुसता येतं. वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तरी आतली वीज हळूहळू निसटू शकते. शेतकरी सगळं बी एकाच कणगीत ठेवत नाही. तसंच करा. दोन पेनड्राइव्ह ठेवा. एक सचिवाकडे, एक अध्यक्षाकडे. दर बैठकीला पहिल्यातली फाइल दुसऱ्यात उतरवून घ्या. आणि कागदाची वही सोडू नका. तक्ता छापून घ्या, सभेत वाचून दाखवा, प्रत्येकीची सही घ्या. जिला आपलं नाव आणि आपला आकडा वाचता येतो, तिला कुणी फसवू शकत नाही.

मंडळी, तुम्ही अक्षरं शिकलात ती कशासाठी? दुसऱ्याने वाचून दाखवलं तेच खरं मानायची वेळ येऊ नये, म्हणूनच ना? अंगठ्याची सही झाली. आता हिशेबाची पाळी आहे. संगणक घ्यायला पैसे जमतील तेव्हा जमतील. तोवर आपली वही आणि आपलं हत्यार आपल्या खिशात ठेवायला कुणाची हरकत नाही. ओटा मागून मिळतो. गावात शाळा आहे, गुरुजी आहेत, शिकलेली मुलं आहेत.

येत्या बैठकीला दोघीतिघींनी जमून गुरुजींना वेळ विचारा. आधी एकच काम करा. बारा नावं लिहा आणि त्यांच्यापुढं बारा आकडे लिहा. बेरीज संगणकाला करू द्या, आणि तीच बेरीज एकदा पाटीवर करून ताडून पाहा. दोन्ही जुळल्या की समजा, काम जमलं.